विटेची पूड

आमच्या सासऱ्यांनी चौदा वर्षांत मला एकच काम विश्वासाने दिलं, आणि त्याच कामावरून चार माणसांत माझी अब्रू काढली.

काम होतं घड्याळ घासायचं. खिशात ठेवायचं, साखळीचं, चांदीच्या केसचं जुनं घड्याळ. मिलच्या गोऱ्या साहेबाने दिलेलं. त्रेचाळीस साली कापूस पिंजायच्या खात्यात आग लागली, सासऱ्यांनी आत उडी घेऊन दोन माणसं बाहेर काढली, म्हणून साहेबाने त्यांचं नाव कोरून हे घड्याळ बक्षीस दिलं, अशी ती गोष्ट. तिसऱ्या माणसाला काढायला गेले तोवर छप्पर कोसळलं. तो तिसरा म्हणजे त्यांच्याच वाडीतला, त्यांच्याच खोलीत राहणारा शिवदास. ही गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर खंडेनवमीला ऐकत आले. शिवदासाचं नाव आलं की सासरे डोळ्यांना पंचा लावायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, कात्री, ह्यांचा मिलमधला पाना असं सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात. मिलवाल्याच्या घरात हत्यारं कसली, तर हीच. त्यात मधोमध घड्याळ. सासरे रिटायर झाले त्याच वर्षी मी ह्या घरात आले आणि त्याच वर्षी त्यांनी ते पेटीतून बाहेर काढलं. पोरांनी हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं. धाकटी जाऊ नलिनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी म्हणाली होती, "मी घासते ना, मामा." तिला सरळ नाही म्हणाले. घासायचं मीच.

आणि कसं घासायचं? आधी चिंच, मग विटेची पूड. मी माहेरी चांदी राखेनेसुद्धा हलक्या हाताने पुसलेली बघितली होती. पण इथे सासरे समोर मांडी घालून बसायचे आणि झाकणावर बोट ठेवून सांगायचे, "मधी घास गो, मधी. थंयसर काळा दिसता. हाताक बळ नाय काय तुझ्या?" मी घासायची. अंगठ्याची साल निघायची, चिंच झोंबायची, आणि वर सासऱ्यांचं तोंड सुरू. मला वाटायचं, म्हातारा सुनेला छळायला निमित्त शोधतोय. छळायचा असतो त्याला घड्याळही पुरतं.

संप सुरू होऊन तिसरं वर्ष. ह्यांची, म्हणजे दशरथची, मिल बंदच होती. ते भांडुपला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहत, आणि मी घाटकोपरला प्लास्टिकच्या कारखान्यात बटणांच्या कडा कापायची. धाकटे दीर चंद्रप्रकाश ऑफिसात कारकून, नाहूरला स्टेशनजवळ स्वतःचा ब्लॉक. ते घरात आले की आमच्या डोंगरावरच्या खोलीत बूट कुठे काढायचे असा चेहरा करायचे. नलिनी मॅट्रिक, आणि ते ती विसरू द्यायची नाही. मी चौथी पास. पोरांच्या इंग्रजी पुस्तकावर मी कव्हर घालायला लागले की म्हणायची, "वहिनी, उलटं धरलंय." एकदाच धरलं होतं. सात वर्षं सांगत होती.

त्या वर्षी गणपतीत गावच्या मंडळाचे भाऊ घरी आले. मंडळाची स्मरणिका निघणार होती, त्यात गावच्या कर्तबगार माणसांची पानं. धाकू म्हणजे आमचे सासरे पहिल्या पानावर. शिवाय दसऱ्याला सत्कार. "आदल्या दिवशी खंडेनवमीला येतो," भाऊ म्हणाले, "फोटोवाला घेऊन. घड्याळाचा फोटो पाहिजे, नाव दिसेल असा."

भाऊ गेल्यावर चंद्रप्रकाशभावजींनी घड्याळ मागितलं. सासऱ्यांनी टाळाटाळ केली, पण सत्काराच्या तोऱ्यात होते, दिलं. भावजींनी ते खिडकीकडे नेलं आणि ओरडले, "अरे, इथे काहीच नाहीये!"

कडेने वेलबुट्टी होती. मधे ढालीसारखी चौकट, आणि ती सपाट. तळहातासारखीही नाही, तळहाताला रेघा असतात.

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली.

"सुगंधान घासून घासून घालवल्यान."

मी म्हटलं, "मामांनू, तुम्हीच सांगायचात ना, मधे घास म्हणून?"

"घास म्हणान सांगितलंय. घालव म्हणान नाय."

बस्स. तिथून नलिनीच्या तोंडाचा पट्टा सुटला. एवढी एक चीज होती ह्या घराण्यात, आणि ती अशा हातात दिली. काही लोकांच्या हातालाच बरकत नसते. ह्यांची मिलसुद्धा... ती थांबली, पण मला कळलं. मी हात लावला म्हणून मिल बंद पडली! अडीच लाख माणसांचा संप माझ्या अंगठ्याने झाला. मी दशरथकडे बघितलं. ते घोरपडीसारखे भिंतीला चिकटून बसले होते. बाप बोलला की त्यांची वाचा जाते.

भावजींनी निकाल दिला. खंडेनवमीच्या आत नाव परत घालून आणायचं. नाहीतर बाबा नाहूरला येतील, घड्याळ येईल, देवही येतील, आणि खंडेनवमी ह्यापुढे नाहूरला. "आणि भाऊ विचारतील तेव्हा सांगायचं कोणी घालवलं ते. मी खोटं बोलणार नाही."

म्हणजे स्मरणिकेतून गावभर. माझं माहेर शेजारच्याच वाडीत. सासऱ्याचं नाव पुसणारी सून, हे माझ्या आईने विहिरीवर ऐकायचं. सासरा नाहूरला गेला असता तर मी नारळ फोडला असता, खरं सांगते. पण हा डाग घेऊन नाही.

भावजींनी कागदावर इंग्रजीत सासऱ्यांचं नाव लिहून दिलं. "हेच कोरून आण. चूक करू नकोस. तुला वाचता येत नाही, त्याला दोनदा वाचायला लाव."

सासरे आतून म्हणाले, "जुना कित्याक शोधूचा? नवीनच घाल." तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत श्यामसुंदर म्हणून माणूस जुन्या घड्याळांच्या केसेस, म्हणजे बाहेरची कवचं, नीट करतो, असं कारखान्यातल्या बाईने सांगितलं होतं. पिंप आणि पत्रे ओलांडून त्याचा गाळा सापडला. चष्म्यावर दुसरं भिंग लावून तो बसला होता. मी घड्याळ पुढे ठेवलं. त्याने आधी आतलं यंत्र काढून काचेच्या डबीत झाकून ठेवलं, मग रिकामी केस बोटांत फिरवली, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मी मांजर मारून आणलंय.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कशाने?"

"चिंच आणि विटेची पूड."

"चांदीला विटेची पूड!" तो ओरडलाच. "बाई, विटेने तवा घासतात. हे बघा, कागद झालाय ह्याचा. अजून दोन वर्षांनी बोट आरपार गेलं असतं. अक्कल गहाण टाकली होती का?"

एक तर मी अर्धा दिवस खाडा करून आले होते. "अक्कल सासऱ्याकडे गहाण होती," मी म्हटलं, "तो सांगेल तसं घासत होते. तुम्हाला नीट करता येत असेल तर करा, नसेल तर सांगा. शिव्या खायला मला मुलुंडपर्यंत यायची गरज नाही, घरी भरपूर मिळतात."

तो हसला नाही, पण मला स्टूल दिलं.

मग तो कामाला लागला. पोचे काढायचे तर केस लाखेवर बसवायची आणि आतून लाकडी ठोकणीने हळूहळू उठवायची. बिजागरी सैल, ती चांदीचं डाक लावून सांधायची. बोलता बोलता तो थांबला. केस दिव्याखाली धरून आडवी-तिरपी करायला लागला.

"गंमत आहे. खिशात झिजलेली केस सगळीकडून झिजते. कडा, पाठ, सगळं. इथे वेलीचं पानन् पान शाबूत आहे, आणि मधलीच चौकट साफ. तुम्ही फक्त मधेच घासायचात?"

"मधेच घास म्हणून सांगायचे."

"कोण?"

मी स्टूल दिव्याजवळ ओढलं.

त्याने चौकटीवर तोंडाची वाफ मारली. वाफ उडताना चांदीवर फिकट रेघा उमटल्या आणि गेल्या. परत मारली. परत उमटल्या. "खोदलेलं सहजासहजी मरत नाही," तो पुटपुटला. दिव्याच्या काचेवरची काजळी बोटावर घेऊन त्याने चौकटीवर चोळली, वरून कापडाने हलकेच पुसली, आणि एक पातळ कागद दाबला. कागद पालटून दिव्यासमोर धरला तेव्हा त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक अक्षरं सुलटी दिसली.

"काय म्हणालात सासऱ्यांचं नाव?"

"धाकू. हा घ्या, दिराने लिहून दिलाय."

त्याने भावजींचा कागद बघितला, मग त्याचा बघितला. "हे नाव इथे नाही. कधीच नव्हतं." बोट अक्षरांवरून नेत त्याने मराठीत सांगितलं, "दोन कामगारांना आगीतून वाचवताना प्राण गेलेल्या... शिवदास... ह्याच्या विधवेस. खाली साल. त्रेचाळीस."

"परत वाचा," मी म्हटलं. भावजींनी दोनदा वाचायला लाव म्हणून सांगितलंच होतं.

त्याने परत वाचलं. तेच होतं.

शिवदासाची विधवा म्हणजे चंपाकाकू. देवळामागच्या खोपटात राहते. आमच्या माहेरच्या शेतात लावणीला यायची, आई तिला पेज द्यायची. अठराव्या वर्षी कपाळ पुसलं, साठीला आली तरी लोकांच्या चिखलात वाकलेली. मला लहानपणी एकदा म्हणाली होती, "सायबान काय एक दिल्यान नाय गो बायो. साधी चिठी पण इली नाय." सासरे गावी गेले की देवळाला लांबच्या वाटेने जायचे. गुडघे दुखत असतानाही लांबच्या वाटेने. मला वाटायचं, मित्राची आठवण येत असेल.

साहेबाने घड्याळ गावी पोचवायला खोलीतल्या गाववाल्याकडे दिलं असणार. गाववाल्याने ते पेटीत ठेवलं. खोलीतले, खात्यातले, आग बघितलेले सगळे जाईपर्यंत सत्तावीस वर्षं पेटीत ठेवलं. मग बाहेर काढलं, आणि नाव घालवायला घरातलं असं माणूस निवडलं की ज्याला इंग्रजी वाचता येत नाही. नलिनीला नाही म्हणाले ते ती मॅट्रिक होती म्हणून. मला दिलं ते मी चौथी पास म्हणून. चौदा वर्षं मी समजत होते की निदान ह्या एका कामात म्हातारा माझ्यावर भरवसा ठेवतो! ती गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. चंपाकाकूचं दुःख नंतर आलं, आधी माझंच आलं. लपवून काय करू?

श्यामसुंदर म्हणाला, "दोन गोष्टी होतील. ह्यावर चांदीची पातळ पट्टी डाकून देतो, तिच्यावर तुमच्या दिराने लिहिलंय ते कोरतो. कोणाला कळणार नाही. नाहीतर पाठीमागून पातळ पत्रा लावून ताकद देतो, आणि जे आहे त्याच रेघांवरून कलम चालवून खोल करतो. बोला."

पट्टी लावली असती तर माझ्यावरचा डाग त्याच दिवशी गेला असता. घरी मान मिळाला असता, नलिनीचं तोंड बंद झालं असतं. तो हिशेब मी केला, नाही असं नाही. पापपुण्याचं मला काही सांगू नका. मला राग आला होता.

"जे आहे तेच," मी म्हटलं. "खोल करा. विटेने जाणार नाही इतकं खोल."

"आणि हा काजळीचा कागद?"

"तो मला द्या."

खंडेनवमीच्या सकाळी घड्याळ घेऊन मी परत आले. श्यामसुंदरने काम असं केलं होतं की झाकण बंद होताना टक्क असा आवाज यायचा, चौदा वर्षांत कधी ऐकला नव्हता. मी ते रुमालात बांधून कनवटीला ठेवलं. कोणाला दाखवलं नाही. दशरथने विचारलं, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी पुढे विचारलं नाही, हा त्यांचा स्वभाव, आणि त्या दिवशी तो बरा पडला.

संध्याकाळी सगळे जमले. भाऊ आले, फोटोवाला आला. नलिनी नवी साडी नेसून आली होती, सासऱ्यांची बॅग कुठे आहे ते तिने आल्या आल्या बघून घेतलं. सासरे धुतलेलं धोतर, टोपी घालून पाटाजवळ बसले. कोयता, कात्री, पाना मांडले होते, झेंडूची फुलं वाहिली होती. मधली जागा रिकामी.

"आणलंस काय?" सासरे म्हणाले.

मी घड्याळ काढलं. त्यांनी हात पुढे केला. मी ते नलिनीला दिलं.

"नलिनी, तूच वाच. मोठ्याने वाच, भाऊंना ऐकू जाऊ दे. मला काय, उलटं धरलं तरी कळत नाही."

तिने खुशीत घेतलं. दिव्याखाली धरून शाळेत धडा वाचावा तसं इंग्रजी वाचायला लागली. नावापाशी आली, वाचून गेली, आणि मग थांबली. परत मागे गेली.

"शिवदास?" ती म्हणाली.

"मराठीत सांग," भाऊ म्हणाले.

तिने सांगितलं. विधवेस हा शब्द सांगताना तिचा आवाज अगदी बारीक झाला.

चंद्रप्रकाशभावजी उठून उभे राहिले. "वहिनी! मी कागदावर नाव लिहून दिलं होतं! एवढंसुद्धा जमू नये? त्या माणसाला तू सांगितलंस तरी काय? मुद्दाम केलंस!"

"मी घासलं तेही मुद्दाम, मी आणलं तेही मुद्दाम," मी म्हटलं. मग काजळीचा कागद काढून भाऊंच्या हातात दिला. "कोरायच्या आधी जे उमटलं ते हे. बघा, किती पुसट आहे. आज कोणी लिहिलं असतं तर असं दिसलं असतं का? ज्याला खात्री करायची असेल त्याने मुलुंडला जावं, पत्ता देते."

भाऊंनी कागद बघितला, घड्याळ बघितलं. मग सासऱ्यांकडे बघितलं. फोटोवाल्याला त्यांनी हाताने खूण केली, तो कॅमेरा पिशवीत घालायला लागला.

"धाकूदा," भाऊ म्हणाले, "चंपाक ह्यां म्हायत हा?"

मला वाटलं होतं सासरे रडतील. पंचा खांद्यावरच होता. वाटलं होतं निदान एकदा माझ्याकडे बघून म्हणतील की पोरी, तुझ्यावर आळ घातला. एवढं म्हणाले असते तरी मी, काय माहीत, मी गप्प बसले असते.

ते म्हणाले, "चिच खय हा? विटेची पूड आण. ह्यां अजून नीट घासूक नाय."

पहिल्यांदा दशरथ बोलले. "बाबांनू, पुरे."

"आण म्हणतंय ना, सुगंधा!"

भावजींनी बुटांत पाय घातले. नलिनी दारातच होती. तिने म्हटलं, "मामांना नेणार होतो, पण पोरांच्या परीक्षा आहेत, आणि ब्लॉक कुठे तेवढा मोठा आहे..." वाक्य डोंगराच्या पायऱ्यांवर संपलं. भाऊ त्यांच्यामागून गेले. जाताना ते मला म्हणाले, "ह्यां चंपाक पोचूक व्हया." मी म्हटलं, "रविवारच्या एस्टीने मीच नेतेय." हे मी सासऱ्यांच्या समोरच बोलले.

म्हणजे सासरे माझ्याकडेच राहिले. देवही राहिले. डाग मात्र गेला, आणि जायचा तिकडे गेला.

मी मोरीत गेले. ताटलीत चिंच घेतली, खलबत्त्यात वीट कुटून पूड केली, चौदा वर्षं करत होते तशीच. ताटली सासऱ्यांसमोर ठेवली. शेजारी घड्याळ ठेवलं.

"आता तुम्ही घासा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दशरथकडे. दशरथने तोंड फिरवलं. म्हाताऱ्याने खरंच अंगठा चिंचेत बुडवला, पुडीवर टेकला आणि झाकण घासायला लागला. लाल पाणी वेलबुट्टीवरून धोतरावर ओघळत होतं. दोन-चारदा घासून ते झाकण पंचाने पुसायचे, दिव्याकडे धरून बघायचे. अक्षरं तशीच होती. मग परत घासायचे.

मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"मधी घासा, मामांनू, मधी," मी म्हटलं. "थंयसर काळा दिसता."